जाताना गाय, येताना घोडा

उन्हाळा म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? मला आठवतो आमच्या इंदूरच्या घरचा मे महिना. गच्चीवर वाळत घातलेले पापड, माठातलं गार पाणी आणि आईच्या धाकाने दुपारी डोळे मिटून पडलेले दादा आणि मी. म्हणूनच गेल्या वर्षी दादा फोनवर म्हणाला, "उन्हाळ्याच्या सुट्टीत ये, जुलैच्या शेवटी," तेव्हा मला हसू आलं. जुलैत कसला आलाय उन्हाळा? आपल्याकडे तोवर पावसात दोनदा भजी तळून झालेली असतात!

पण दादा राहतो टोकियोत, निशी-कासाई भागात. तिथे शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, जूनमध्ये पावसाळा येतो आणि उन्हाळ्याची सुट्टी साधारण २० जुलैपासून ऑगस्टअखेरपर्यंत असते. त्यामुळे माझी भाची ईरा ऐन आंब्याच्या दिवसांत आजीकडे येऊच शकत नाही. आई दरवर्षी आमरस काढून फ्रीजरमध्ये ठेवते आणि दिवाळीपर्यंत वाट पाहते. शेवटी मीच साठवलेली रजा काढली आणि तीन आठवड्यांसाठी निघाले.

सुट्टी, पण कामाची

तिथली सुट्टी म्हणजे नुसतं लोळणं नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. पहिलीतल्या ईराला चित्रांची रोजनिशी लिहायची होती आणि शाळेतून आणलेल्या कुंडीतल्या वेलाकडेही लक्ष द्यायचं होतं. हा आसागाओ, म्हणजे कर्ण्यासारख्या फुलांची मॉर्निंग ग्लोरी. जपानमध्ये पहिलीची मुलं शाळेत त्याचं बी पेरतात आणि सुट्टीत कुंडी घरी आणून फुलं मोजतात. आसागाओचा शब्दशः अर्थ 'सकाळचा चेहरा'. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं.

शिवाय सकाळी साडेसहाला जवळच्या बागेत 'राजिओ ताइसो', म्हणजे रेडिओवरच्या सूचनांवर कवायत. ही प्रथा १९२८ पासूनची. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे दहा मिनिटं हातपाय हलवतात आणि मुलांच्या कार्डावर हजेरीचा शिक्का पडतो. वहिनी, ईरा आणि मी रोज जायचो. घरी आल्यावर गार मुगिचा, म्हणजे भाजलेल्या सातूचा चहा. तोवर बाहेर सिकाडांची किरकिर सुरू झालेली असायची. तिथला दमट उकाडा आपल्या मुंबईची आठवण करून देतो. पारा ३५ अंशांवर गेला की त्या दिवसाला तिथे वेगळं नावच आहे, 'मोशोबी'.

आणि दादा? तो सात वाजता घरातून निघायचा आणि रात्री साडेनऊला परतायचा. उन्हाळ्यात तिथल्या ऑफिसांमध्ये टाय-कोट न घालण्याची मुभा असते. २००५ मध्ये सरकारने वीज वाचवण्यासाठी ही 'कूल बिझ' मोहीम सुरू केली. दादाच्या गळ्यातला टाय गेला, घड्याळ मात्र हातातच राहिलं. तो घरी येईपर्यंत ईरा झोपलेली असायची.

चपलांमधली कुंडी

एका रात्री जेवताना मी सहज विचारलं, "दादा, ईराच्या वेलाला आज किती फुलं आली?" तो म्हणाला, "फुलं येतात त्याला? मला तर नुसत्या गुंडाळलेल्या कळ्याच दिसतात."

त्या कळ्या नव्हत्या, मिटलेली फुलं होती. महिनाभर घरात असलेला वेल त्याने फक्त रात्रीच पाहिला होता. ईरा झोपलीय असं आम्हाला वाटत होतं, पण पोरगी सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी पाहते तर बाल्कनीतली कुंडी थेट दारात! जपानी घरांत चपला-बूट काढायला दाराशी छोटी जागा असते, तिथे तिने ती ओढत आणून ठेवली होती. वेल उचलल्याशिवाय दादाला बूटच घालता येईना. तो क्षणभर वैतागला. मग बॅग बाजूला ठेवून खाली बसला आणि मोजू लागला. सात फुलं होती. "आठ," ईरा म्हणाली. "एक पानामागे आहे."

त्या रात्री दादा बराच वेळ जागा होता. म्हणाला, "आपले बाबा आठवतात? बँकेने खंडव्याला बदली केली होती, शनिवारी रात्री यायचे. मी त्यांच्यावर किती चिडायचो! इथे कुटुंबापासून दूर एकट्याने नोकरी करण्याला खास शब्द आहे, 'तानशिन फुनिन'. मी तर रोज घरी येतो गं. पण बाबा रविवारी माझी प्रत्येक वही बघायचे. मी काय बघतो?"

मला उत्तर सुचलं नाही. बाबा गेले तेव्हा दादा इंदूरला एक दिवस उशिरा पोहोचला होता. त्याबद्दल तो कधी बोलत नाही, पण त्या रात्री आम्हा दोघांनाही तेच आठवत होतं.

सकाळी आम्ही बागेत निघालो, तर दादा बूट घालून तयार. दहा मिनिटं कवायत करून तो स्टेशनकडे पळाला. नंतरही तो रोज आला असं नाही. माझ्या मुक्कामात पाच वेळा आला. पण ईराच्या रोजनिशीत त्या पाचही दिवसांचं चित्र एकच होतं: हात वर केलेला बाबा.

काकडी आणि वांगं

ऑगस्टच्या मध्यावर ओबोन येतो. आपल्या पितृपक्षासारखाच, पूर्वज घरी येण्याचा काळ. त्यासाठी काही जण काकडीला आणि वांग्याला काड्यांचे पाय लावतात. काकडीचा होतो घोडा, पूर्वजांनी लवकर घरी यावं म्हणून. वांग्याची होते गाय, त्यांनी सावकाश परत जावं म्हणून.

दादाला चार दिवस सुट्टी होती. त्याने आणि ईराने मिळून आजोबांसाठी दोन्ही केले आणि बाबांच्या फोटोपुढे ठेवले. शेजारी वहिनीने खिरीची वाटी ठेवली. दादा थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. ईराने गायीचा मोडका पाय नीट केला आणि म्हणाली, "बाबा, तुला पण हेच पाहिजे. ऑफिसला जाताना गाय, येताना घोडा."

आम्ही सगळे हसलो. दादा हसला आणि चष्मा पुसायला आत गेला.

नोकरी कुणाला सुटलीय? टोकियो असो, पुणे असो की बंगळुरू, सातची गाडी पकडावीच लागते. पण निघण्यापूर्वी तुमच्याही दारात कुणी कुंडी आणून ठेवलीय का, तेवढं जरा बघा. असेल तर ओलांडून जाऊ नका. खाली बसा आणि फुलं मोजा. पानामागचं एक धरून.