मालकिणीचं हसू

व्हर्मीरचं 'दूध ओतणारी' हे चित्र म्हणजे कष्टाचा सन्मान, असं मी कित्येक वर्षं मानत आले. 1660च्या सुमाराचं ते चित्र आज अ‍ॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. वर सारलेल्या बाह्या, भक्कम हात, मातीच्या भांड्यात पडणारी दुधाची बारीक धार. डच चित्रकारांनी मोलकरणीला चित्राच्या मधोमध आणून उभं केलं, याचं मला फार अप्रूप होतं.

ते मत पालटलं निकोलास मासच्या 'आळशी मोलकरीण' या 1655च्या चित्रामुळे. मुलगी हातावर गाल टेकून पेंगली आहे. पायाशी भांडी पसरलेली, मागे मांजरानं पाखरू पळवलेलं. शेजारी उभी मालकीण आपल्याकडे बघून हसते आणि हात पसरून तिच्याकडे दाखवते. म्हणजे बघणारा आपसूक मालकिणीच्या बाजूचा. झोप का अनावर झाली, हे त्या मुलीला कुणी विचारत नाही.

मालकिणीचा तो पसरलेला हात मी आमच्या निर्णा गावात पाहिला आहे. पाहुणे आले की आमच्या ओसरीवर भांडी घासायला येणाऱ्या बाईंची फजिती अशीच हसत सांगितली जायची, आणि त्या तिथंच उभ्या असायच्या. त्यांची भाषा कन्नड. आमच्या घरात त्या मराठी बोलायच्या, तीही आम्हाला रुचेल अशी. आमच्यातल्या कुणाला त्यांच्या भाषेत कामं सांगण्यापलीकडे बोलता येत नव्हतं. बीदरच्या या सीमेवर आम्ही मराठी माणसं भाषेवरच्या अन्यायाबद्दल तावातावानं बोलतो, पण मोरीपाशी रोज कोण कुणाच्या भाषेत बोलतं, हे आमच्या कधी ध्यानातही आलं नाही.

व्हर्मीर मला आजही तितकाच थोर वाटतो. त्याच्या त्या स्वयंपाकघरात हसणारी मालकीण नाही, हे मोठंच आहे. पण 1696 साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या लिलावात त्याची 21 चित्रं विकली गेली, त्यात या चित्राला 175 गिल्डर मिळाले. त्याहून जास्त किंमत फक्त डेल्फ्ट शहराच्या देखाव्याला आली. एवढं मोल आलेल्या चित्रातली बाई कोण, हे मात्र ठामपणे सांगता येत नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांच्या म्हैसूरमधल्या चित्रातल्या दिवा धरलेल्या स्त्रीचं नाव आपल्याला माहीत आहे, कारण ती त्यांची मुलगी, गीता. घरच्या माणसाचं नाव राहतं.

म्हणून व्हर्मीरच्या चित्रात बाईचा सन्मान झाला, असं मी आता म्हणत नाही. सन्मान तिच्या कामाचा झाला, आणि तो ज्यांच्या भिंतीवर टांगला गेला त्यांच्या घरात भांडी दुसरंच कुणीतरी घासत होतं.