चौकशी आणि विचारपूस

‘मराठी घेऊन बी. ए. झालास आणि पोट भरतोस ते हिशेब तपासून!’ असे म्हणून माझे जुने वर्गमित्र हसतात. मीही हसतो. खरे सांगायचे तर ताळेबंद कसा वाचतात हे मला नोकरी लागल्यावरच कळले. पण एक गोष्ट आपल्याला येते अशी माझी ठाम समजूत होती, ती म्हणजे माणसांशी बोलणे. याच महाविद्यालयात वक्तृत्वाची दोन बक्षिसे मिळवली होती. मग कारखान्यातल्या चार माणसांना चार प्रश्न विचारणे काय कठीण? ही समजूत खोटी ठरली, आणि तिची किंमत मला न मोजावी लागता दुसऱ्याच एका माणसाला मोजावी लागली. वार्षिकांकासाठी काही लिहा, असे सरांनी सांगितले तेव्हा मनात पहिल्यांदा तेच आले.

मी मोहोपाड्याचा. खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. १९६० साली केंद्र सरकारने हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना आमच्या शेजारी उभा राहिला आणि रसायनांवरून त्या परिसराचे नावच ‘रसायनी’ पडले. मागून पाताळगंगेची औद्योगिक वसाहत वाढली. २०१७ साली सरकारने त्या जुन्या कारखान्यातले तोट्यात चाललेले विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या बाजारात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. सांगायचा मुद्दा असा की, आमच्याकडे माणसाची ओळख त्याच्या कंपनीवरून होते. ‘अमुक कंपनीत, तीस वर्षे, एकही डाग नाही,’ एवढे वाक्य मुलीचे लग्न जमवायला पुरते. आणि पाळी सुटल्यावर कंपनीतली बातमी घरी पोहोचण्याआधी भाजीच्या गाड्यावर पोहोचते.

अशाच एका कारखान्यात मी अंतर्गत लेखापरीक्षण विभागात, म्हणजे इंटर्नल ऑडिटमध्ये, सहायक म्हणून लागलो. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. बाहेरचा ऑडिटर वर्षाअखेरीचे हिशेब खरे आहेत की नाहीत ते भागधारकांना सांगतो. आतला ऑडिटर वर्षभर घरातच हिंडतो. कामाची घडी कुठे विस्कटली आहे, कुठे चोरीला वाव आहे, कुठे नियम एक आणि वहिवाट दुसरी आहे, हे व्यवस्थापनाला सांगतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३८ व्या कलमाने शेअर बाजारात सूचीबद्ध आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांना असे लेखापरीक्षण सक्तीचे केले आहे. कागद तपासणे हे या कामाचे अर्धे अंग. उरलेले अर्धे अंग माणसांना विचारणे, कारण कागद फक्त काय झाले ते सांगतो, कसे झाले ते माणूसच सांगतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे स्टोअरचे काम आले. संगणकात जेवढे द्रावकाचे ड्रम शिल्लक दिसत होते, त्यापेक्षा जागेवर चार कमी भरले. माल दिल्याच्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. रात्रपाळीच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच हातच्या, एकाच पेनाच्या, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या. मला आनंदच झाला! नव्या ऑडिटरला असा आनंद होतो, हे कबूल केले पाहिजे. स्टोअर सांभाळणारे गृहस्थ आमच्याच आळीतले. त्यांना मी लहानपणापासून काका म्हणत आलो. पावसाळ्यात त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी शाळेत गेलो आहे. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते.

मी त्यांना कार्यालयाच्या इमारतीत बोलावले. वेळ दुपारी पावणेतीनची. त्यांची पहिली पाळी तीनला सुटणार आणि तीन वाजून दहा मिनिटांनी बस निघणार, हे मला ठाऊक होते, पण मी त्याचा विचार केला नाही. खोलीला काचेची भिंत होती. टेबलाच्या एका बाजूला मी आणि हिशेब खात्याचे एक अधिकारी. दुसऱ्या बाजूला काका, खुर्चीच्या कडेवर टेकलेले. माझ्यापुढे बावीस प्रश्नांची यादी होती.

‘या चिठ्ठ्या तुमच्या हातच्या ना?’

‘हो, साहेब.’

आयुष्यभर मला ‘काय रे’ म्हणणाऱ्या माणसाने मला साहेब म्हटले. मला ते त्या क्षणी योग्यच वाटले.

‘सगळ्या एका वेळी लिहिलेल्या दिसतात.’

‘हो.’

‘म्हणजे माल आधी गेला आणि चिठ्ठी मागाहून?’

‘हो, साहेब.’

‘असे का केलेत?’

ते काहीच बोलले नाहीत. काचेतून त्यांनी एकदा बसच्या रस्त्याकडे पाहिले.

‘चार ड्रम कमी आहेत हे तुम्हांला ठाऊक होते?’

‘हो.’

एकोणीस मिनिटांत मुलाखत संपली. ‘संबंधितांना समाधानकारक खुलासा करता आला नाही,’ असे मी टिपणात लिहिले. वाक्य मोठे झोकदार उतरले होते.

संध्याकाळी घरी गेलो तर आई भाजी निवडत होती. वर न बघताच तिने विचारले, ‘कंपनीत त्यांना चोरीवरून बोलावलं होतं म्हणे. गाड्यावर बायका बोलत होत्या. तू होतास का रे तिथे?’ मी हो म्हणालो. त्या रात्री ती माझ्याशी फारसे बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी माझे टिपण आमच्या वरिष्ठांनी वाचले. त्यांनी एकच प्रश्न केला, ‘हा माणूस रात्रपाळीत नेमके काय करतो?’ मला सांगता येईना. ते म्हणाले, ‘एकोणीस मिनिटे त्याच्याशी बोललास आणि त्याचे काम काय ते तुला माहीत नाही. मग तू ऐकलेस काय?’

‘ऐकलेस काय’ हे शब्द मला फार लागले. आमचे इंग्रजीचे सर वर्गात शब्दांच्या व्युत्पत्ती सांगत, त्यांची आठवण झाली. ‘ऑडिट’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘ऐकणे’ या क्रियापदापासून आला. पूर्वी इंग्लंडमध्ये जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवीत आणि तपासणारा तो कानांनी तपासी. आपण मराठीत ‘लेखापरीक्षण’ म्हणतो आणि डोळ्यांवर भर देतो. मूळ धंदा मात्र कानांचा. आणि मी तर वक्तृत्वाची बक्षिसे घेऊन त्यात शिरलो होतो!

वरिष्ठांनी मग मला समोर बसवून चार गोष्टी सांगितल्या. माणसाला आपल्या खोलीत बोलावू नये, आपण त्याच्या जागी जावे. तिथे त्याचे हात चालतात आणि हात चालले की तोंड चालते. कशासाठी आलो आहोत ते आधीच सांगावे, नाही तर तो आपल्या प्रश्नाऐवजी आपला हेतू ओळखण्यात गुंततो. ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरावर भागेल असा प्रश्न सुरुवातीला विचारूच नये. ‘का केलेत?’ हा प्रश्न कानावर आरोपासारखा पडतो; ‘कसे करता, ते दाखवा’ म्हटले की तोच माणूस शिक्षक होतो. उत्तर संपले असे वाटल्यावर आणखी थोडा वेळ गप्प बसावे, कारण कामाची गोष्ट बहुधा त्या शांततेनंतर येते. शेवटी जे लिहून घेतले ते त्याला वाचून दाखवावे. आणि जे वचन पाळता येणार नाही ते देऊ नये. ‘हे आपल्या दोघांत राहील’ असे ऑडिटरने कोणालाच सांगू नये.

मी पुन्हा गेलो तो आठवड्याने, काकांची रात्रपाळी लागल्यावर, साडेअकराच्या सुमारास. हातात यादी नव्हती. म्हणालो, ‘काका, त्या दिवशी मी विचारले ते चुकले. रात्री इथले काम कसे चालते ते मला पाहायचे आहे.’

‘बघा, साहेब,’ एवढेच ते म्हणाले आणि एक स्टूल पुढे सरकवले.

वीस-पंचवीस मिनिटे काहीच घडले नाही. मग प्लांटमधून एक ऑपरेटर धावत आला. ड्रम हवा होता, आणि तो आत्ताच हवा होता, कारण बॅच मध्येच थांबवता येत नव्हती. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर अधिकाऱ्याची सही लागते. ते अधिकारी संध्याकाळी साडेपाचला पनवेलला घरी गेलेले. पाळीप्रमुखाचा फोन आला, ‘द्या, सही सकाळी होईल.’ काकांनी खिशातून रबर गुंडाळलेली एक छोटी डायरी काढली. वेळ लिहिली, ड्रमचा क्रमांक लिहिला, ऑपरेटरची आद्याक्षरे घेतली आणि मग कुलूप उघडले. सकाळी त्याच डायरीवरून ते सगळ्या चिठ्ठ्या एका बैठकीत लिहीत. एकच हात, एकच पेन!

मी विचारले, ‘आणि ज्यांच्यावर सही होत नाही, त्या चिठ्ठ्यांचे काय होते?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मीही गप्प राहिलो. मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. आत चार चिठ्ठ्या होत्या. सही करणारे अधिकारी मध्येच दुसरीकडे बदलून गेले होते आणि नवे म्हणत, ‘माझ्या आधीचे आहे, मी सही करणार नाही.’ सही नाही म्हणून संगणकात नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून शिल्लक चारने जास्त.

‘काका, हे त्या दिवशी का नाही सांगितलेत?’ राहवले नाही म्हणून मी शेवटी ‘का’ विचारलेच.

‘तुम्ही विचारलंत चिठ्ठ्या कोणी लिहिल्या. मी लिहिल्या. तेच सांगितलं. आणि त्या काचेच्या खोलीत दुसऱ्याचं नाव घेऊन काय करणार होतो? पाच महिने राहिलेत, साहेब.’

इथे एक खुलासा करतो. मन हेलावले म्हणून मी डायरी खरी मानली नाही. ऐकून घेणे म्हणजे विश्वास ठेवून मोकळे होणे नव्हे. चारही ऑपरेटरांना मी वेगवेगळे भेटलो, पाळीप्रमुखांना भेटलो आणि उत्पादनाच्या नोंदवहीत त्या-त्या रात्रीच्या बॅचमध्ये ते ड्रम वापरल्याचे पाहिले. सगळे जुळले. जुळले नसते तर तेही लिहावे लागले असते, आणि मी ते लिहिले असते.

पुढे मला कळले की ही पद्धत काही आजची नाही. प्रा. कंगले यांनी सिद्ध केलेला कौटिलीय अर्थशास्त्राचा ग्रंथ मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन भागांत प्रसिद्ध केला. त्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सरकारी धनाच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. त्याच ठिकाणी, संशय आल्यास भांडार सांभाळणारा, नोंद करणारा, घेणारा, देणारा, द्यायला लावणारा अशा सर्वांना एकेकटे गाठून विचारावे, अशी आज्ञा आहे. ‘द्यायला लावणारा’ हा शब्द वाचताना मला रात्रीचा तो फोन आठवला. मी फक्त देणाऱ्याला विचारले होते.

अहवालात मी कोणाचेच नाव घातले नाही. रात्रपाळीत सहीचा अधिकार कोणाकडेच नाही, हा दोष लिहिला. पाळीप्रमुखाला तो अधिकार द्यावा आणि डायरीऐवजी क्रमांक छापलेले दुहेरी चिठ्ठीपुस्तक ठेवावे, असे सुचवले. व्यवस्थापनाने ते मान्य केले. वरिष्ठांनी पाठ थोपटली. काका ठरल्या तारखेला, ठरल्या पैशांसह, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झाले.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण भाजीच्या गाड्यावर ऑडिटचा अहवाल कोणी वाचत नाही. ‘चोरीवरून बोलावलं होतं’ हे वाक्य बाजारात गेले ते गेलेच. ‘काही निघालं नाही’ हे दुसरे वाक्य त्याच्या मागून कधी धावत गेले नाही. त्या वर्षी गणपतीत काकू आमच्याकडे आल्या नाहीत. आई जाऊन आली. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत. एक चौकशी आणि एक विचारपूस. दोन्हींत प्रश्नच असतात. चौकशी करणाऱ्याला उत्तर हवे असते. विचारपूस करणाऱ्याला माणूस हवा असतो. अंतर्गत लेखापरीक्षकाला चौकशी टळत नाही, ती त्याच्या पगाराचा भाग आहे. पण तिच्याआधी विचारपूस झाली नाही तर चौकशीलाही खरे उत्तर मिळत नाही, एवढे मी शिकलो. माझ्या विद्यार्थी मित्रांपैकी कोणी उद्या पत्रकार होईल, कोणी शिक्षक, कोणी तलाठी. प्रश्न सगळ्यांनाच विचारावे लागणार आहेत. म्हणून हे लिहिले.

कौटिल्याने त्याच ठिकाणी आणखी एक तरतूद केली आहे. अपहाराचा आरोप करणाऱ्याला तो सिद्ध करता आला नाही, तर त्यालाही दंड आहे. मला कंपनीने दंड केला नाही, उलट वर्षाअखेरीस बढती दिली.

परवा मोहोपाड्याच्या नाक्यावर काका भेटले. मी वाकून नमस्कार केला. ‘कसे आहात?’ त्यांनी विचारले. मग बाकावर थोडे सरकून जागा करीत म्हणाले, ‘बसा ना.’

मी बसलो. इतक्या वर्षांत ते पुन्हा मला ‘काय रे’ म्हणालेले नाहीत.