गळ थांबली नाही, पण...

यंदा आंबिया बहराची गळ पाहून संत्र्याच्या बागेत जायची हिंमतच होत नव्हती. व्यापाऱ्यानं सौदा मोडला, कर्ज डोक्यावर. आम्ही ख्रिस्ती, पण प्रार्थनाही सुटली होती. घरात कोणाशी बोलणं नाही.

एका रात्री पंडिता रमाबाईंबद्दल वाचत बसलो. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, १८८२ मध्ये नवरा. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर तडीस नेलं अन् १९२२ मध्ये डोळे मिटले. त्या आपलं दुःख देवापुढे मांडत होत्या, मी मात्र सारं पोटात दाबून बसलो होतो.

त्या रात्री गुडघे टेकले. कर्जाचा आकडा पहिल्यांदा तोंडातून निघाला. सकाळी तोच बायकोला सांगितला. ती म्हणाली, "इतके दिवस एकटेच वाहत होते? आता दोघं मिळून पाहू."

प्रार्थनेनं गळ थांबली नाही, खरं सांगतो. पण तोंड उघडलं. आपल्या शेंदूरजनाघाट-वरूड भागात लई माणसं अशीच गप्प आहेत. देव कोणताही माना, पण मनातलं बोला. अन् शेजारचा गप्प दिसला, तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसा.