तीन पिढ्या कशाच्या?

ऊर्जानगरात इंग्रजी शिकवणाऱ्याला उदाहरणासाठी वाघ शोधत हिंडावे लागत नाही. औष्णिक वीज केंद्राच्या या वसाहतीला ताडोब्याचे जंगल जवळ आहे. पाळीवर जाता-येता वाघ दिसल्याच्या गोष्टी घरोघर ऐकू येतात. मुले तेच लिहून आणतात: ‘व्हाइल गोइंग टू द प्लांट, अ टायगर अपिअर्ड.’ आता या वाक्यात प्लांटवर निघाला आहे तो वाघ.

चूक येते कुठून, ते पाहण्यासारखे आहे. ‘प्लांटवर जाताना वाघ दिसला’ हे मराठीत निर्दोष वाक्य. दिसला वाघ, पण जाणारा मी. न बोललेला ‘मला’ वाक्यात हजरच असतो. इंग्रजीत मात्र असा सुरुवातीचा तुकडा पुढच्या कर्त्याला जाऊन चिकटतो. म्हणून चांगला शिक्षक संज्ञा शिकवण्याआधी एवढेच विचारतो: जातंय कोण?

जवळचा शब्द धरा, हा नियमही पुरत नाही. ‘आय सॉ अ टायगर फ्रॉम द बस’ यात ‘बसमधून’ हा तुकडा वाघाला खेटून बसला आहे, तरी तो पाहण्याचा आहे.

परीक्षेत अशा चुकीने एखादा गुण जातो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जबरानजोत, म्हणजे अतिक्रमणाची वनजमीन कसणाऱ्या, शेतकऱ्याचे मात्र शेत जाऊ शकते. 2006 च्या वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’, म्हणजे वनहक्क मागू शकणारे बिगर-आदिवासी, कोण हे सांगणारे एक लांबलचक इंग्रजी वाक्य आहे. त्यात ‘फॉर ॲट लीस्ट थ्री जनरेशन्स’ हे शब्द येतात. एक पिढी 25 वर्षांची, म्हणजे 13 डिसेंबर 2005 पूर्वीची 75 वर्षे. पण ही 75 वर्षे कशाची? वाक्यातले क्रियापद ‘रिसाइडेड’ आहे, राहण्याचे. जमिनीच्या ताब्याची अट वेगळ्या कलमात आहे आणि तिथे ताबा त्या तारखेआधीचा असला की पुरतो. आदिवासी कार्य मंत्रालयाचा खुलासाही असाच आहे. तरीही कुणी ‘तीन पिढ्या’ नेऊन ताब्याला जोडल्या, तर बिगर-आदिवासी दावेदाराला त्याच बांधावरचा 1930 चा कागद शोधावा लागेल.

तो बहुतेकांकडे नसणारच. वास्तव्याचे तसे नाही. 2008 च्या नियमांनी दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून मान्य केला आहे.