बाकावरचा म्हातारा

आदिलाबादच्या कोर्टाच्या आवारात बेल्याकडचा एक म्हातारा शेतकरी माझ्याजवळ आला. "वकीलसाहेब, तुमी आपल्या भाषेतले. खरं सांगा, माह्या केसचं काय होईन?"

धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण होतं आणि मी त्याच्या शेजाऱ्याकडून उभा होतो. त्याच्या वकिलाला तेलुगू येई, हिंदी येई, मराठी नाही. कागद इंग्रजीत. 1956 पर्यंत किनवट, राजुरा याच जिल्ह्यात होते. भाषेवरून राज्यं वेगळी झाली, पण पैनगंगेच्या या काठाला मराठी घरं राहिलीच. वकीलपत्रावर अंगठा देऊन म्हातारा वर्षभर न कळणाऱ्या भाषेत आपल्याच वावराबद्दल ऐकत होता. मग त्याला माझं मराठी ऐकू आलं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 34 वा नियम सांगतो की, ज्या पक्षकाराला वकील आहे त्याच्याशी समोरच्या वकिलाने वादाच्या विषयावर कोणत्याही प्रकारे बोलू नये, वाटाघाटी करू नयेत. जे काही असेल ते त्याच्या वकिलामार्फत. पक्षकार आपणहून आला तर चालेल, अशी सवलत त्यात नाही. दोघे शेजारी मात्र चावडीवर बसून खुशाल बोलू शकतात. मनाई आहे ती मला.

तरुणपणी मला हा नियम कोरडा वाटे. आता वाटत नाही. म्हातारा बोलण्याच्या ओघात म्हणाला असता, "धुरा थोडा सरकला खरा, पण..." त्या 'पण'पुढचं मी विसरलो असतो, आधीचं उलटतपासणीत वापरलं असतं. ऐकलेलं न ऐकलेलं करता येत नाही. तडजोडीचं तर याहून अवघड. लेखी तडजोडीवर दोघांचे अंगठे पडले आणि कोर्टाने हुकूमनामा दिला की त्यावर सहसा अपील नाही. आपल्या भाषेतला माणूस "इथं अंगठा द्या, बाबा" म्हणाला, तर कोण नाही म्हणेल? परक्या भाषेत माणूस निदान सावध असतो.

"बाबा, मी तुमच्या शेजाऱ्याचा वकील आहे. तुमच्या वकिलालाच विचारा," मी म्हणालो. त्याचा चेहरा पडला. आपल्याच माणसाने तोडल्यासारखा.

त्याच्या वकिलाला मी सांगितलं, तुमच्या अशिलाला केस समजलेली नाही. त्यांनी मराठी जाणणारा एक कारकून बोलावला. तिघं बाकावर बसले. म्हातारा हातवारे करून धुरा दाखवू लागला, तसा मी उठलो आणि त्यांचं बोलणं ऐकू येणार नाही इतका लांब जाऊन उभा राहिलो.