एका दारावर दोन रखवालदार

गावच्या जत्रेत झालेल्या नाटकांच्या संहिता आमच्या बाबांनी संगणकावर टाईप करून ठेवल्या आहेत. गेल्या चतुर्थीला मी त्यांच्या त्या जुन्या संगणकात नवा अँटीव्हायरस घातला आणि दुसऱ्याच दिवशी फोन, "काडून उडय तें!" वर्ड उघडेपर्यंत म्हणे चहा पिऊन होतो.

मला खरं वाटेना. भाच्याने टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क शंभर टक्के! कुठलीही फाईल उघडली की हा आधी ती तपासणार; त्यात नवा नवा असताना सगळं घर धुंडाळणार. डिस्क फिरत्या तबकडीची, रॅम 4 जीबी. शिवाय मुदत संपलेला जुना अँटीव्हायरसही आत ठाण मांडून होता. तो काढला, पूर्ण तपासणी दुपारच्या झोपेच्या वेळी लावली, थोडं बरं झालं. खरा फरक पडला तो एसएसडी बसवल्यावर. अँटीव्हायरस तोच, पण वर्ड चटकन उघडतो.

विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, डिफेंडर आतच असतो, मग विकतचा कशाला, हे भाच्याचं म्हणणं मला पटतं. काहीच नको, हे बाबांचं मात्र नाही पटत. तालमी सुरू झाल्या की त्यांचा पेनड्राईव्ह झेरॉक्सच्या दुकानांतून फिरतो. एकदा परतला तो सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन. फाईली आत नुसत्या लपल्या होत्या, हे मला नंतर कळलं. घाईघाईने फॉरमॅट मारला तो मीच. त्यातल्या एका नाटकाची दुसरी प्रत नव्हती. बाबा त्याविषयी अजून बोलत नाहीत.