नारायण पेठेंतील ऊन-सावली

पुण्याच्या पेठांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण त्यांच्या उजेडाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. शहराचा इतिहास बखरींत सांपडतो, भूगोल नकाशांत सांपडतो; परंतु एखाद्या गल्लींत सकाळीं आठ वाजतां ऊन कोणत्या भिंतीवर पडतें आणि बारा वाजतां तें कोठें जातें, ही गोष्ट दोनच प्रकारच्या लोकांस ठाऊक असते. एक, गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालणाऱ्या गृहिणी. आणि दुसरे, हातीं कॅमेरा घेऊन हिंडणारे आमच्यासारखे रिकामटेकडे! प्रस्तुत लेखक दुसऱ्या वर्गांतील असून अद्यापि फिल्मवरच छायाचित्रें घेतो. नारायण पेठेची ही ओळख वाचकांनीं त्याच दृष्टीनें करून घ्यावी, एवढी विनंती आहे.

नारायणराव पेशव्यांच्या नांवाची ही पेठ मुठा नदीच्या कांठीं, शनिवार व सदाशिव या दोन पेठांच्या शेजारीं वसलेली आहे. लक्ष्मी रस्ता आणि केळकर रस्ता हे तिचे दोन गजबजलेले मार्ग. पत्र्या मारुती, मोदी गणपती, माती गणपती हीं येथील देवस्थानांचीं नांवें पुणेकरांच्या तोंडीं पत्ता सांगतांना सहज येतात. लोकमान्यांनीं १९०५ मध्यें घेतलेला गायकवाडांचा वाडा, म्हणजेच केसरीवाडा, याच पेठेंत आहे आणि तेथील गणपती मानाचा पांचवा समजला जातो. एवढी थोरवी असलेल्या पेठेंतील रस्ते मात्र अरुंद. त्यामुळें ऊन येथें ऐसपैस पसरत नाहीं. तें दोन भिंतींमधून पट्ट्यापट्ट्यानें खालीं उतरतें.

जुन्या वाड्याची रचना छायाचित्रकारास जितकी मोहक तितकीच कठीण. मधला चौक आकाशाला उघडा, त्याच्याभोंवतीं ओसरी, तिच्यामागें माजघर, आणि त्याहीपलीकडे भरदिवसा समई लागावी असें देवघर. चौकांतून माजघरांत आपण आठ-दहा पावलांत येतों, पण तेवढ्यांत उजेड सात पायऱ्या सहज उतरलेला असतो. आमच्या हिशेबांत एक पायरी म्हणजे उजेडाची निमपट. सात वेळां निमपट केली कीं चौकांतील उजेडाचा १२८ वा हिस्सा हातीं उरतो! डोळा हा फरक निमूटपणें सोसतो, कारण तो क्षणोक्षणीं स्वतःस जुळवून घेतो. फिल्मला मात्र एकच क्षण मिळतो. त्या क्षणीं चौकावर कृपा करावी तर माजघर काळेंठिक्कर पडतें, आणि माजघर सांभाळावें तर चौक पांढराफटक होतो.

या अडचणींत ज्याचा आधार घ्यावयाचा तें यंत्र म्हणजे प्रकाशमापक, आम्ही ज्याला नुसतें मीटर म्हणतों तें. अमेरिकेंतील वेस्टन कंपनीनें १९३२ च्या सुमारास असें मीटर बाजारांत आणलें. त्यांतील सेलेनियमच्या चकतीवर उजेड पडला कीं अल्पशी वीज उत्पन्न होते आणि कांटा हलतो. बॅटरीची गरजच नाहीं. परंतु या यंत्राची एक खोड प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. समोरच्या वस्तूवरून सुमारें १८ टक्के उजेड परत येतो, असें तें गृहीत धरतें आणि त्या हिशेबानेंच सल्ला देतें. मग चुन्याच्या भिंतीपुढें शुभ्र धोतर-उपरणें नेसून बसलेले आजोबा असोत, कीं संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसलेली नवी सून असो, मीटराच्या लेखीं दोघेही करडेच! म्हणून पांढऱ्याला मीटर सांगेल त्याहून एक-दोन पायऱ्या अधिक उजेड द्यावा, काळ्याला तितकाच कमी द्यावा. याहून सोपा उपाय म्हणजे मीटर माणसाच्या चेहऱ्यापाशीं नेऊन, त्याची पांढरी अर्धगोल टोपी कॅमेऱ्याकडे वळवून, अंगावर पडणारा उजेडच मोजावा. मग वस्त्राच्या रंगानें हिशेब बिघडत नाहीं.

मीटर जवळ नसेल तरी अडत नाहीं. निरभ्र आकाश आणि लख्ख ऊन असतां कॅमेऱ्याचें छिद्र १६ या आंकड्यावर ठेवावें, आणि फिल्मच्या वेगाचा जो आंकडा असेल, सेकंदाच्या तितक्याव्या भागापुरतें शटर उघडावें. १०० च्या फिल्मला शटरावरील १२५ चा आंकडा जवळचा. आपल्याकडील अनेक घरांत असलेल्या आग्फा क्लिक थ्री या साध्या कॅमेऱ्याला तर एवढेंही गणित नव्हतें. ऊन आणि ढग अशा खुणा पाहून दांडा सरकवावयाचा, कीं एका रोलांत बारा चौकोनी चित्रें तयार! त्या बारांपैकीं एकही वायां जाऊं नये म्हणून सारें घर श्वास रोखून उभें राही. जुन्या छायाचित्रांतील माणसें गंभीर दिसतात, त्याचें निम्में कारण मला वाटतें येथेंच आहे.

अनंत चतुर्दशीच्या रात्रीं लक्ष्मी रस्त्यावर उभें राहिलें म्हणजे मीटराची खरी कसोटी लागते. रथावरील दिव्यांची झगमग पाहून मीटर दिपतें आणि उजेड भरपूर आहे असा कौल देतें. तो प्रमाण मानला तर चित्रांत दिव्यांचे ठिपके तेवढे येतात, आणि गुलालानें माखलेले ढोलवाल्यांचे चेहरे काळोखांत बुडतात. अशा वेळीं दिव्यांकडे पाठ करून, ज्याचें चित्र हवें त्याच्या गालावरील उजेड पाहावा. समारंभांत झगमगाट पुष्कळ असतो. ज्यासाठीं तो चाललेला असतो तीं माणसेंच अंधारांत राहूं नयेत, इतकाच याचा अर्थ.

आतां कोणी म्हणेल, या सगळ्या खटाटोपाचें प्रयोजन काय? हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल आहे. एकदां बोट लावलें कीं तो झरझर अनेक चित्रें घेतो, कांहीं उजळ, कांहीं मंद. त्यांतून चेहरे ओळखतो. आणि चौक व माजघर दोन्ही दिसतील असें एक चित्र जुळवून देतो. हें खरें आहे, आणि त्याचें कौतुकही केलें पाहिजे. १९७५ मध्यें कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें जो पहिला अंकीय कॅमेरा बनविला, त्याचें चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें होतें आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. तेथून येथपर्यंतची ही मजल थोर आहे. मात्र मोबाइल सर्वांचेंच काम करून देतो, त्यामुळें पाहण्याचें काम आपल्या अंगवळणीं पडत नाहीं. एका रोलांत ३६ चित्रें, आणि प्रत्येकाला पैसे पडतात, हें ठाऊक असलेला मनुष्य बोट दाबण्यापूर्वीं भिंतीवरचें ऊन नीट न्याहाळतो. फिल्मची मुख्य देणगी मला ही वाटते.

पण फिल्मचा अभिमान फार ताणूं नये, असें नारायण पेठच सांगते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, पाठोपाठ खडकवासल्याचें फुटलें, आणि मुठेचें पाणी नदीकांठच्या पेठांत शिरलें. नारायण पेठही त्यांत सांपडली. धान्य, भांडीं, वस्त्रें यांची हानि मोठी खरीच, पण तीं पुन्हां घेतां येतात. छायाचित्राचें तसें नाहीं. फिल्मवर आणि कागदावर चित्र धरून ठेवणारा जो जिलेटिनचा थर असतो तो पाण्यांत फुगतो, मऊ पडतो, आणि चिखलांत वाळूं लागला म्हणजे एक चित्र दुसऱ्यास कायमचें चिकटतें. अशा वेळीं जें चित्र एखाद्या मावशीकडे नागपुरास किंवा काकांकडे मुंबईस पूर्वींच गेलेलें असेल, तेवढेंच वांचतें. अग्नीचेंही तेंच. २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्म आगींत नष्ट झाल्या.

संगणकावरील चित्र पाण्यानें फुगत नाहीं, हें खरें. पण त्याला दुसरा रोग आहे. तबकडी एके दिवशीं न सांगतां बंद पडते, फ्लॉपीवर ठेवलेलें वाचण्यास आज यंत्र शोधावें लागतें, मोबाइल हरवतो, परवलीचा शब्द ज्याला ठाऊक तो मनुष्य निघून जातो. जाणते लोक म्हणून असा नियम सांगतात कीं, प्रती तीन असाव्यात, त्या दोन निराळ्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकीं एक दुसऱ्या ठिकाणीं असावी. पुरानें शिकविलेला धडाच हा. केवळ मावशीच्या जागीं आतां दूरचा संगणक आला आहे.

आजच्या कुटुंबांस याचें महत्त्व अधिक आहे. पेठेंतील वाडे पडून तेथें सदनिका उभ्या राहत आहेत. एका चुलीवर जेवणारीं घरें चार ठिकाणीं वांटलीं जात आहेत. वांटणीच्या वेळीं भांडीं मोजलीं जातात, पण छायाचित्रांचा जुना अल्बम कोणा एकाच्याच माळ्यावर जाऊन पडतो, आणि बाकीच्यांचीं मुलें आपल्या पणजीचा चेहरा न पाहतांच मोठीं होतात. त्या अल्बमांतील प्रत्येक चित्र आणि जुन्या निगेटिव्ह संगणकावर उतरवून सर्व भावंडांस एकेक प्रत द्यावी. या कामीं संगणकासारखा उपकारक दुसरा नाहीं. मूळ निगेटिव्ह मात्र फेंकूं नयेत. कोरड्या जागीं, कागदी पाकिटांत ठेवाव्यात.

आणि शेवटची गोष्ट, जी ना मीटराला येते ना मोबाइलला. जुन्या चित्राच्या पाठीवर पेन्सिलीनें नांवें लिहिण्याची चाल होती. संगणकांतील चित्राला पाठ नसते. म्हणून नांवें, नातें, स्थळ आणि साल त्याच्यासोबतच्या टिपणांत लिहून ठेवावीं. माजघरांतील अंधुक चेहरा कोणाचा, हें सांगणारें माणूस घरांत आहे तोंवरच हें काम होणार. तरी वाचकहो, यंदाच्या दिवाळींत सारीं मंडळी एकत्र जमतील तेव्हां फराळाच्या ताटांबरोबर जुना अल्बमही मध्यें ठेवावा, आणि वडीलधाऱ्यांपाशीं एका लिहित्या मुलास वही-पेन्सिल देऊन बसवावें.